आभासी गणपत गल्लीतला रिकामा कुंद्याचा डबा

राकसकोप

नमस्कार मंडळी. एका गोष्टीनं दोन आठवडे झोप नीट लागेना झालीय, म्हणून इथं लिहितोय. जरा लांबण लागेल.

इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आम्ही काही जणांनी सेकंड लाइफ ह्या इंटरनेटवरच्या आभासी जगात थोडी जागा भाड्यानं घेतली आणि तिथं बेळगावची गणपत गल्ली उभी केली. सगळी नाही, एक तुकडा. चार दुकानं, वर कौलं, एक रिक्षा, कोपऱ्यावर फुलवाली. दर रविवारी आपल्या रात्री ९ ला तिथं जमतो. बाहेरगावी असलेले, परदेशी असलेले, घरात एकटे असलेले सगळे येतात आणि आपापले अवतार दुकानांच्या पायऱ्यांवर बसवून गप्पा मारतात.

१ एप्रिलला मी मिठाईच्या दुकानात पाटी लावली : "आज मोफत. बेळगावी कुंदा. एकाला एक डबा." डबा करायला मला चार रात्री लागल्या. खराखुरा डबा आणला, गच्चीवर उन्हात ठेवून सहा बाजूंनी फोटो काढले आणि ते डब्यावर चढवले. झाकणाच्या कडेला तुपाचा डाग होता, तोसुद्धा तसाच ठेवला. गल्ल्याला हात लावला की डबा तुमच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे तिथल्या सामानाच्या पिशवीत, येतो आणि झाकणाला हात लावला की उघडतो. आत काही नाही. गल्लीत सगळ्यांना दिसेल असं एक वाक्य उमटतं : "एप्रिल फूल! कुंदा पाहिजे तर घरला ये."

४१ डबे गेले. प्रत्येकावर नंबर आहे. लोक खूप हसले.

आता अडचण. आमच्यात एक मावशी आहेत. मूळच्या बेळगावातल्या शहापूरच्या, हल्ली जर्मनीत मुलाकडे असतात. गुडघ्यांमुळे गेली काही वर्षं त्यांना इकडं येता आलेलं नाही. १ एप्रिलला सगळ्यांच्या आधी त्या आल्या, म्हणून डबा नंबर १ त्यांच्याकडे आहे. त्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी तिथंच होतो. त्या काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. त्यानंतरचे दोन्ही रविवार आल्या नाहीत. पाच वर्षांत त्यांचा रविवार चुकलेला मला आठवत नाही.

"घरला ये" हे वाक्य मी कुणाला लिहिलं, हे मला त्या क्षणी कळलं.

दुसरी गोष्ट त्यातच गुंतलीय. एप्रिल फूलच्या वस्तू जमवणारा एक परदेशी सदस्य आहे. त्याला आपला डबा आवडला. नंबर १ साठी तो ५००० लिंडेन (सेकंड लाइफमधलं चलन) द्यायला तयार आहे आणि माझी ओळख काढून मावशींना विचारायला सांगतोय. हे विचारायचं का? आणि मावशींशी मी काय बोलू?

---

जांबोटीचा_पाऊस

माझा नंबर ७. मी फसलो आणि मनापासून हसलो. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत उघडला तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. तो तुपाचा डाग बघून तोंडाला पाणी सुटलं होतं रे.

मावशींचं वाचून मात्र वाईट वाटलं. फोन करून टाक की सरळ.

---

निपाणीकर

मी त्या दिवशी गंमत म्हणून डबा घेतला नाही आणि आज स्पष्ट लिहितो.

"मोफत, हात लावा, घ्या" ही सवय आपण आपल्याच माणसांना का लावतोय? क्रिप्टोच्या जगात हेच चालतं. न मागता तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटात, फुकटचा एनएफटी (चित्राबित्राच्या मालकीचं डिजिटल टोकन) येऊन पडतो. त्याच्यावर एखादा दुवा असतो, "बक्षीस मिळवा" म्हणून. माणूस तिथं जातो, कशाला तरी मंजुरी देतो आणि वॉलेट रिकामं होतं. माझ्या आतेभावाचे असेच गेले. सुरुवात अशाच एका हसऱ्या चित्रापासून झाली होती.

राकसकोप, तुझा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. पण आपल्या गटात साठीच्या पुढची आठ-दहा माणसं आहेत. गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात फुकट मिळालं ते चांगलं असतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसेल. पुढच्या वेळी पाटी दुसऱ्या कुणाची असेल.

---

खानापूर_कौलं

निपाणीकर, काळजी रास्त आहे, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. सेकंड लाइफमधली वस्तू ही ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टोची नोंद ठेवणाऱ्या सामायिक वहीतली, नाही. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. तिथल्या वस्तूला तुमच्या लिंडेनना हात लावायचा झाला तर आधी तुमच्यासमोर परवानगीची खिडकी येते आणि तुम्ही "हो" म्हणावं लागतं. डब्यात तसलं काही नाही. मी त्याची स्क्रिप्ट (डबा चालवणारा छोटा प्रोग्रॅम) उघडून पाहिली, सगळी मिळून १४ ओळींची आहे.

आता विक्रीचं. राकसकोपनं डबा कसा दिलाय ते समजून घ्या. तिथं प्रत्येक वस्तूला तीन परवानग्या असतात : कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर. ह्या डब्याला कॉपी नाही, बाकी दोन्ही आहेत. म्हणजे माझ्याकडचा नंबर १९ मी दुसऱ्याला दिला की माझ्याकडं उरत नाही. म्हणूनच जमवणाऱ्याला त्यात रस आहे. कॉपी चालू ठेवली असती तर एका रात्रीत हजार झाले असते आणि कुणी विचारलंही नसतं.

एक गोम आहे. मॉडिफाय चालू असल्यामुळे नाव आणि वर्णन कुणीही बदलू शकतो. मी आत्ता माझ्या १९ चा १ करू शकतो. म्हणजे त्या नंबराला तसा अर्थ नाही. बदलता येत नाही ती एकच गोष्ट : वस्तू कुणी बनवली ते नाव. ते राकसकोपचंच राहणार, डबा कितीही हात फिरला तरी.

---

राकसकोप

@खानापूर_कौलं, मॉडिफाय चालू राहिलं ती माझी चूक. बंद करायचं विसरलो.

@निपाणीकर, तुमचं म्हणणं लागलं, आणि ते बरोबर आहे. पुढच्या रविवारी त्या आठ-दहा जणांना फुकटच्या वस्तूंबद्दल नीट समजावून सांगू. तुम्ही सांगाल का? तुमच्या आतेभावाचं उदाहरण देऊन सांगितलं तर लक्षात राहील.

---

निपाणीकर

सांगतो. येतो रविवारी.

---

कडोली_शिवार

आमच्या आजीची म्हण होती, मनातले मांडे खायचे तर तूप कमी का घाला. बेळगावचे मांडे जगात नावाजलेले, आणि आपण मात्र मनातला कुंदा खाऊन बसलो. :)

---

मार्कंडेय

अशा फुकटच्या थट्टेला किंमत कशी येते ह्याचा मी बराच माग काढलाय, म्हणून जरा सविस्तर.

१९७५ साली कॅलिफोर्नियात गॅरी डाल नावाच्या गृहस्थांनी समुद्रकिनाऱ्यावरचा गोटा खोक्यात घालून "पाळीव दगड" म्हणून विकला. खोक्याला हवेसाठी भोकं, आत गवत आणि दगडाची निगा कशी राखावी ह्याची पुस्तिका. किंमत जवळपास ४ डॉलर. लोकांनी लाखांनी घेतला. दगड कुठंही मिळत होता. माणसांनी पैसे मोजले ते त्या पुस्तिकेसाठी आणि दुसऱ्याला दाखवताना येणाऱ्या हसूसाठी.

एनएफटीतलं सर्वांत शहाणं थट्टेचं उदाहरण मॉक्सी मार्लिनस्पाइक ह्यांचं. सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप बनवणारे तेच. त्यांनी एक एनएफटी असा केला की बघणारा कोण त्याप्रमाणे चित्र बदलायचं. ओपनसी ह्या एनएफटीच्या बाजारात एक, रॅरिबल ह्या दुसऱ्या बाजारात दुसरं, आणि विकत घेऊन आपल्या वॉलेटमध्ये पाहिलं की शीचा इमोजी. त्यांना दाखवायचं होतं ते हे : टोकन ब्लॉकचेनवर असलं तरी चित्र दुसरीकडंच कुठल्यातरी सर्व्हरवर असतं आणि त्या सर्व्हरचा मालक ते केव्हाही बदलू शकतो. पुढं ओपनसीनं तो एनएफटी काढून टाकला, तर त्यांच्या वॉलेटमधूनही दिसेनासा झाला, कारण वॉलेट माहिती ओपनसीकडूनच घेत होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी हे सगळं लिहिलं.

म्हणून "कायमची मालकी" वगैरे ऐकलं की मला हा इमोजी आठवतो. आपला डबाही कंपनीच्या सर्व्हरवरच आहे. क्लब पेंग्विन हे मुलांचं ऑनलाइन जग मार्च २०१७ मध्ये बंद झालं तेव्हा मुलांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या टोप्या, पिना, सगळं एका दिवसात गेलं. माझ्या पुतणीच्याही गेल्या. ती तेव्हा तिसरीत होती. दोन दिवस जेवली नाही.

ज्याला ५००० लिंडेन मिळतायत त्यानं घ्यावेत. माझं स्पष्ट मत आहे.

---

जांबोटीचा_पाऊस

क्लब पेंग्विनमध्ये तो हिमनग होता ना? सगळी पोरं हातात हातोडे नि ड्रिल घेऊन त्याच्यावर चढायची, एका बाजूला गर्दी केली की उलटतो म्हणून. वर्षानुवर्षं. माझ्या भाच्यानं मलाही बसवलं होतं सोबत.

---

मार्कंडेय

हो, तोच. बंद होण्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत तो खरंच उलटवला त्यांनी. इतकी वर्षं पोरांनी धरलेली आशा कंपनीनं शेवटी खरी केली. मला ते फार आवडलं.

---

आकडेमोड

पैशाचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून.

सर्वसाधारणपणे २५० लिंडेनला १ डॉलर धरा. ५००० म्हणजे २० डॉलर, दीड हजार रुपयांच्या वर. फार मोठी रक्कम नाही, पण फुकटच्या डब्याला आहे.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून १ टक्का टीडीएस. क्रिप्टो आणि एनएफटी त्यात येतात. मिळकतीतून फक्त खरेदीची किंमत वजा होते, एकातला तोटा दुसऱ्यातून वळता करता येत नाही. तारीख बघा, १ एप्रिल. आमच्या ऑफिसात त्या दिवशी अशिलांचे फोन येत होते, "हे खरं आहे का?" म्हणून.

मावशी जर्मनीत राहतात, त्यांना तिथला कायदा. पण राकसकोप, त्यांच्या वतीनं तू पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस. व्यवहार झालाच तर थेट त्यांच्यात होऊ दे.

---

गोकाकची_बाहुली

माझी मातृभाषा कन्नड. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. गल्लीतल्या खेळण्यांचं दुकान मीच मांडलंय.

डब्याची हकिगत वाचून मला आमच्या घरची एक गोष्ट आठवली. गोकाकची लाकडी फळं तुम्ही बघितलीच असतील. हलक्या लाकडाची, रंगवलेली. पेरू, केळी, सीताफळ. पाहुणे आले की आई खऱ्या फळांच्या परडीत एक लाकडी पेरू ठेवायची. माझी अज्जी पहिल्यांदा आईच्या घरी आली, लग्न ठरवायला, तेव्हा तिनं नेमका तोच उचलला आणि दातानं तोडायला गेली. सगळे हसले. अज्जीचा दात आधीच हलत होता, तो पडला.

आई रडायला लागली, सोयरीक मोडली म्हणून. अज्जीनं काय केलं? तो पेरू पदरात बांधला आणि म्हणाली, "हा माझा. मला दिलाय." लग्न झालं. पेरू अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे, दाताची खूण तशीच आहे. कितीही पैसे दिले तरी आमच्या घरातलं कुणी तो विकणार नाही.

दादा, तू डबा दिलास त्याच क्षणी तो मावशींचा झाला. विकायचा का ठेवायचा ते त्या बघतील. तू फक्त निरोप नेऊ नकोस, असं मला वाटतं. थट्टा ज्यानं केली त्यानंच त्याचे पैसे सुचवले तर फार वाईट दिसेल.

---

खानापूर_कौलं

अक्का, काय सुंदर लिहिलंय. रविवारी तो पेरू दाखवा ना. फोटो द्या, मी तिथं करून देतो.

---

गोकाकची_बाहुली

देते की. पण फुकट वाटायचा नाही हं. :)

---

तवंदी_घाट

अवांतर : आपल्या गल्लीच्या कमानीवर "बेळगाव" लिहिलंय. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून अधिकृत नाव बेळगावी आहे. बदलायचं का?

---

जांबोटीचा_पाऊस

आणि हा धागा ३०० प्रतिसादांवर गेलाच म्हणून समजा.

---

संमं (संपादक मंडळ)

नावाच्या वादासाठी वेगळे धागे आहेत. इथं डब्यावर बोलावं. कमानीवर दोन्ही लिप्यांत पाटी आहे आणि ती सगळ्यांनी मिळून ठरवलेली आहे.

---

शहापूर_माग

मी मावशींना लहानपणापासून ओळखतो. आमचं घर त्यांच्या घराला लागून. त्यांच्याकडे दोन हातमाग होते, आमच्याकडे तीन. शहापुरी साडी विणायचे. दुपारी सगळी गल्ली वाजत असायची. आता तिथं मागही नाहीत आणि त्यांचं घरही नाही. २०१६ ला पाडलं, तिथं तीन मजले उभे राहिलेत.

राकसकोप, तू काय करूलालास ते तुला कळलं नव्हतं, हे मी मानतो. पण "घरला ये" म्हटल्यावर त्या येणार कुठं? माझ्याही डोळ्यासमोर पहिल्यांदा ते घरच आलं.

कुंद्याचं म्हणशील तर मावशी स्वतः करायच्या. दूध आटवत बसायचं, बुडाला लागू द्यायचं नाही. खव्यासारखं झालं की साखर. आणि मग खरं काम : तो परतत परतत तांबूस, रवाळ करायचा. थोडं पुढं गेलं की करपला, थोडं आधी थांबलं की पांढरा आणि चिकट. रंग बघून नाही, वासावरून ओळखायचं म्हणायच्या. आम्ही पोरं कढईच्या खरवडीसाठी दारात उभी.

फोन कर. माफी माग. डब्याचं काही बोलू नकोस.

---

राकसकोप

दोन वेळा फोन केला. उचलला नाही. मुलाला निरोप ठेवलाय.

---

तिसरं_गेट

सगळे मावशी रागावल्या असं धरून चाललेत. मला एक शंका आहे.

गल्लीच्या कमानीत आपण हजेरीची स्क्रिप्ट लावलीय ना, कोण किती वाजता आलं ते लिहून ठेवणारी? तिची वही कुणी पाहिली का? त्या "आल्या नाहीत" हे आपण ९ ला आलेल्या माणसांवरून म्हणतोय.

---

राकसकोप

नाही पाहिली. ती स्क्रिप्ट मी २०२१ ला लावली आणि विसरून गेलो. बघतो.

---

राकसकोप

मंडळी, हे वाचा.

वहीत तिथली वेळ असते, म्हणजे कॅलिफोर्नियाची. आपला रात्री ९ चा जमाव सध्या तिथल्या सकाळी साडेआठला भरतो. दोन्ही रविवारी मावशींचं नाव आहे. आल्या ७:३० ला. गेल्या ८:१० ला एकदा आणि ८:१५ ला एकदा.

म्हणजे त्या आपल्या ८ वाजता आल्या, पाऊण तास बसल्या आणि आपण यायच्या आधी निघून गेल्या. दोन्ही वेळा गल्लीत आपल्यातलं दुसरं कुणीही नव्हतं.

---

तिसरं_गेट

घड्याळ!

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात. हिवाळ्यात आपले ९ म्हणजे त्यांचे दुपारचे साडेचार. आता आपले ९ म्हणजे त्यांचे साडेपाच. मावशी साडेचारलाच येतायत. डब्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, निदान येण्या-न येण्याचा तरी.

---

शहापूर_माग

दरवर्षी त्यांचा नातू त्यांना सांगायचा. तो ह्या वर्षी शिकायला दुसऱ्या गावी गेलाय.

अरे, पाऊण तास एकट्या बसल्या त्या. दोन्ही वेळा.

---

निपाणीकर

आपण कुणीच त्यांना वेळ कळवली नाही. डब्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

---

गोकाकची_बाहुली

पुढच्या रविवारी मी ८ ला येते.

---

जांबोटीचा_पाऊस

मीही.

---

कडोली_शिवार

सगळेच ८ ला या. तशीही मला ९ ला झोप येते.

---

मार्कंडेय

येतो. आणि वर मी "पैसे घ्यावेत" लिहिलं ते घाईत लिहिलं, ते मागे घेतो. बाहुली अक्कांचा पेरू वाचल्यावर मला तसं म्हणता येत नाही.

---

दूरची_मावशी

सर्वांना नमस्कार. शहापूरच्या आमच्या शेजाऱ्यानं हा धागा पाठवला. मी इथं पहिल्यांदाच लिहिते आहे, टंकायला वेळ लागतो, तरी सगळं वाचलं.

राकसकोप बाळ, तुझा फोन मी उचलला नाही कारण मोतीबिंदूची तपासणी होती आणि फोन मुलाकडं होता. रागावून नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. डबा बघून मला वाटलं, आत निदान कुंद्याचं चित्र असेल. झाकण उघडलं आणि ते वाक्य आलं. मी स्क्रीन बंद केली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. सून विचारायला लागली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, घरला बोलावलंय.

दुसऱ्या दिवशी तो डबा पुन्हा बघितला. तो तुपाचा डाग बघितला. आमच्या डब्यालाही तसाच असायचा, झाकण उघडताना अंगठा लागतो ना, तिथंच. ज्यानं हा डाग ठेवला त्यानं वाईट मनानं केलेलं नाही, एवढं मला कळतं.

मग मी नातवाला फोन केला. त्याला विचारलं, हा डबा खरोखर रिकामा आहे का, की ह्यात काही ठेवता येतं? तो म्हणाला, आजी, ठेवता येतं, बनवणाऱ्यानं परवानगी चालू ठेवलीय. त्यानं मला फोनवर शिकवलं. आता माझ्या डब्यात काय आहे ते सांगते. शहापूरच्या घराचे तीन फोटो आहेत, पाडायच्या आधीचे. एका कागदावर कुंद्याची कृती आहे, माझ्या सासूबाईंची, मी बोलले तशी नातवानं लिहून घेतली. आणि आमच्या मागाचा आवाज आहे, काही सेकंदांचाच. दिरांनी जुन्या टेपवर भरून ठेवला होता. मी गल्लीत येते, कुणी नसलं तर पायरीवर बसते, डबा उघडते आणि तो आवाज ऐकते. दोन रविवार तेच केलं. तुम्ही आला नाहीत म्हणून मला वाटलं, परीक्षांचे दिवस आहेत, घरोघरी पोरं असतील.

तेव्हा तुम्ही म्हणता ते परवानगी चालू राहण्याचं, ते चुकून झालं असेल, पण बंद करू नकोस.

त्या परदेशी माणसाला सांग, माझा डबा भरलेला आहे. त्याला रिकामा हवा आहे.

एक काम मात्र आहे. दर वेळी झाकण उघडलं की ते वाक्य सगळ्या गल्लीत ऐकू जातं. मागच्या रविवारी पलीकडच्या जागेतली एक फ्रेंच बाई विचारायला आली, काय म्हणतेय म्हणून. मला सांगता येईना. ते तेवढं नीट करून दे.

---

शहापूर_माग

मावशी, मागाचा आवाज. मला माहीतच नव्हतं टेप उरलीय ते. मी आत्ता ऑफिसात बसून हे वाचूलालोय, पुढं लिहवत नाही. रविवारी ऐकवा.

---

राकसकोप

मावशी, तुमचं तीन वेळा वाचलं. माफ करा मला. वाक्य लिहिताना मी कुणाचाच विचार केला नव्हता.

स्क्रिप्ट आजच बदलतो. सगळं वाक्य काढून टाकू का?

---

दूरची_मावशी

नको रे. "घरला ये" राहू दे. वरचं "एप्रिल फूल" तेवढं काढ.

---

खानापूर_कौलं

राकसकोप, एक लक्षात घे. मावशींना नवीन डबा पाठवू नकोस. नव्या डब्यात त्यांचे फोटो नसतील, आणि जुना एकदा चुकून पुसला गेला तर कॉपी नाही, संपलं. फक्त नवी स्क्रिप्ट पाठव. मावशी, तुमच्या डब्यातली जुनी स्क्रिप्ट काढून ही आत टाकायची, बाकी काही हलवायचं नाही. मी रविवारी शेजारी उभा राहून सांगतो.

आणि सध्या त्यात बोलण्याची जी आज्ञा आहे ती २० मीटरपर्यंत सगळ्यांना ऐकू जाते. तिच्याऐवजी फक्त मालकाला ऐकू जाणारी घाल. म्हणजे मावशींनाच दिसेल.

---

राकसकोप

केलं. दोन ओळींचा बदल. मावशी, तुमच्या इन्व्हेंटरीत "कुंदा झाकण नवीन" नावानं आली असेल.

त्या गृहस्थाला कळवलं. त्यानं विचारलं, दुसरा नंबर आहे का कुणाकडं रिकामा?

---

जांबोटीचा_पाऊस

माझा ७ आता रिकामा नाही. काल रात्री आईचा आवाज भरलाय त्यात, दळण घेऊन ये म्हणून ओरडतानाचा.

---

निपाणीकर

राकसकोप, तुझ्याकडं एखादा डबा उरलाय का? १ एप्रिलला मी घेतला नव्हता. आमच्या वखारीचे, तंबाखूच्या दिवसांतले, वडिलांसोबतचे चार फोटो आहेत माझ्याकडं.

---

राकसकोप

४२ नंबर करतो. रविवारी या, हातात देतो. ८ वाजता.

---

दूरची_मावशी

आमचे साडेचार ना?

---

तिसरं_गेट

हो मावशी. साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ परत मागं येईल, तेव्हा मी आदल्या दिवशी फोन करीन.